ब्लू लेटर बायबल: माती, श्वास आणि ‘आत्मा’ तपासताना कितपत कामाचे?

मराठी मंडळीत ‘आत्मा’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी एकदम जाग्या होतात. एक चर्चमध्ये ऐकलेली. दुसरी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली, जिथे शस्त्रे त्याला तोडत नाहीत आणि अग्नी जाळत नाही. दोन्हींची सरमिसळ इतकी जुनी आहे की शरीर म्हणजे पिंजरा आणि आत्मा म्हणजे त्यातला पक्षी, हे चित्र बायबलमधूनच आले असे बरेच जण धरून चालतात. ते तिथे आहे का, हे हिब्रू-ग्रीक न शिकता स्वतः पडताळायचे असेल तर ब्लू लेटर बायबल ही मूळ शब्द दाखवणारी ऑनलाइन सेवा हाताशी असावी. मात्र ती कुठे दगा देते तेही माहीत हवे, आणि या विषयात ती बऱ्याच ठिकाणी देते.

ही पारख तेवढ्याच कामापुरती आहे: माणसाची उत्पत्ती आणि जीव-आत्म्याचे स्वरूप. रोजच्या वाचनाच्या योजना, प्रवचनांचे ध्वनिमुद्रण वगैरे बाजूला ठेवले आहे.

आधी सेवेची ओळख. १९९६ पासून कॅलिफोर्नियातून चालणारी, ना-नफा, देणग्यांवर उभी. संकेतस्थळ आहे, अँड्रॉइड आणि आयफोनवर ॲप आहे, आणि खाते न उघडताही खाली सांगितलेले सगळे करता येते. तिचा कणा म्हणजे किंग जेम्स हे इंग्रजी भाषांतर आणि त्याच्या प्रत्येक शब्दाला जोडलेला स्ट्राँग क्रमांक. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० मध्ये ही शब्दसूची छापली. हिब्रू शब्दांना १ ते ८६७४ आणि ग्रीक शब्दांना १ ते ५६२४ असे क्रमांक दिले. हिब्रू क्रमांकाआधी ‘एच’ आणि ग्रीक क्रमांकाआधी ‘जी’ हे रोमन अक्षर टाकायचे. मराठी बायबल या यंत्रणेला जोडलेले नाही, म्हणून ‘पवित्र शास्त्र’ शेजारी उघडे ठेवूनच बसावे लागते. इंग्रजीवाचून इथे पान हलत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

वापरायची रीत सोपी आहे. वरच्या चौकटीत उत्पत्ती २:७ इंग्रजी नावाने टाका. वचनाशेजारचे ‘टूल्स’ बटण दाबा आणि ‘इंटरलिनियर’ हा भाग निवडा. वर हिब्रू ओळ येते आणि तिच्याखाली तक्ता: इंग्रजी शब्द, क्रमांक, मूळ शब्द, उच्चार, शेजारी ऐकण्याची खूण. क्रमांकावर दाबले की त्या शब्दाचे स्वतंत्र पान उघडते. त्यावर स्ट्राँगची व्याख्या, अर्थांची यादी, किंग जेम्समध्ये तो शब्द कितीदा कसा भाषांतरला याची मोजणी, जुना शब्दकोश आणि सर्वांत खाली तो शब्द आलेली सगळी वचने ओळीने. नवख्या माणसाने व्याख्या आणि अर्थयादी ओलांडून थेट मोजणी आणि वचनांकडे जावे. कारण पुढे येईलच.

उत्पत्ती २:७ मध्ये चार शब्द पाहण्यासारखे आहेत. ‘आदाम’ म्हणजे माणूस आणि ‘अदामा’ म्हणजे जमीन. शेजारी शेजारी दाबून ऐका, नाते कानालाच कळते. तिसरा ‘यात्सार’, घडवणे. त्याची मोजणी पाहिली तर किंग जेम्सने त्याच क्रियापदाच्या रूपाला १७ ठिकाणी ‘कुंभार’ म्हटले आहे. म्हणजे देव इथे चिखलात हात घालून बसला आहे. पहिल्या अध्यायात ‘बारा’ हे क्रियापद येते (आकड्याशी त्याचा संबंध नाही), आणि ‘बारा म्हणजे शून्यातून निर्माण करणे’ असे प्रवचनात सर्रास सांगतात. ते ताणलेले आहे. १:२६ मध्ये ‘आपण मनुष्य करू’ याला साधे ‘आसा’, म्हणजे करणे, वापरले आहे. लगेच १:२७ मध्ये त्याच कृतीला ‘बारा’. दोन्ही वचनांचा तक्ता एकाखाली एक उघडला की पाच मिनिटांत हे दिसते. शून्यातून निर्मिती हा ख्रिस्ती सिद्धांत पक्का आहे, पण त्याचा भार एका क्रियापदावर टाकता येत नाही.

चौथा शब्द ‘नेफेश’, क्रमांक ५३१५, आणि या सेवेची खरी किंमत इथे वसूल होते. किंग जेम्समध्ये माणूस ‘लिव्हिंग सोल’ झाला. हिब्रूत आहे ‘नेफेश खाय्या’. आता १:२१ आणि १:२४ उघडा: समुद्रातले जीव आणि जमिनीवरची जनावरे, तिथेही ‘नेफेश खाय्या’च. इंग्रजी भाषांतरकारांनी जनावरांना ‘क्रीचर’ म्हटले आणि माणसाला ‘सोल’. मूळ शब्द एक आणि भाषांतरात दोन दर्जे. प्रचलित मराठी आवृत्तीत माणूस ‘जीवधारी’ होतो, आणि या एका ठिकाणी मराठी भाषांतर इंग्रजीहून सरस ठरते. जीवधारी मुंगीही असते.

मग माणूस आणि जनावर यांच्यात बायबल फरक करत नाही का? करते, पण ‘नेफेश’ने नाही. फरक १:२६ मधल्या ‘प्रतिरूप’ आणि ‘सदृश’ या शब्दांत आहे. ‘त्सेलेम’, क्रमांक ६७५४, सगळ्या जुन्या करारात फक्त १७ वेळा, त्यातला बराचसा वापर मूर्तींसाठी. त्याची यादी पुरी वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि प्रत्येक अभ्यासगटाने ती वाचावी.

‘नेफेश’ची मोजणी ७५३ आहे. त्यात ‘सोल’ ४७५, ‘लाइफ’ ११७, ‘पर्सन’ २९, आणि पुढे मन, हृदय, इच्छा, भूक अशी लांब शेपटी. या शेपटीतच सोने आहे. ‘डेड’ ५ आणि ‘बॉडी’ ८ या नोंदींच्या मागे जा. गणना ६:६ मध्ये नाजीराने, म्हणजे देवापुढे व्रत घेतलेल्या माणसाने, ज्या प्रेताजवळ जायचे नाही, त्या प्रेतालाही हिब्रूत ‘नेफेश’च म्हटले आहे. स्तोत्र ६९ च्या पहिल्या वचनात पाणी ‘नेफेश’पर्यंत चढते, म्हणजे गळ्यापर्यंत. यशया ५:१४ मध्ये अधोलोक आपला ‘नेफेश’ रुंदावतो, म्हणजे घसा. लेवीय १७:११ मध्ये देहाचा ‘नेफेश’ रक्तात आहे. पिंजऱ्यातला पक्षी या वचनांत कुठे बसवणार?

नव्या करारात ‘प्स्यूखे’, क्रमांक ५५९०, मोजणी १०५: ‘सोल’ ५८, ‘लाइफ’ ४०. मत्तय १६:२५ आणि १६:२६ एकदम उघडा. २५ मध्ये ‘जीव वाचवू पाहील तो गमावील’, तिथे इंग्रजीत ‘लाइफ’. लगेच २६ मध्ये सगळे जग मिळवून जे गमावतो, ते ‘सोल’. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द. मराठीने इथे ‘जीव’ कायम ठेवला आहे: ‘आपल्या जिवाला मुकला’. पण मत्तय १०:२८ मध्ये, जे शरीराचा घात करतात पण ‘प्स्यूखे’चा घात करू शकत नाहीत त्यांच्याविषयी बोलताना, त्याच ‘प्स्यूखे’ला मराठीत ‘आत्मा’ केले. आणि १ थेस्सलनीकाकरांस ५:२३ मध्ये ‘आत्मा, जीव व शरीर’ असे तिघे येतात. तिथे ‘प्स्यूखे’ पुन्हा जीव आणि ‘आत्मा’ म्हणजे ‘प्न्यूमा’. म्हणजे मराठी वाचकाला ‘आत्मा’ दिसला तर खाली ग्रीक कोणता, हे नुसत्या मराठीवरून कळायला मार्ग नाही. माणूस दोन घटकांचा की तीन, हा वाद घालणाऱ्या कितीतरी जणांचा घोळ इथूनच सुरू होतो. ही तीन वचने तक्त्यात शेजारी ठेवली की निदान भांडण कशावर आहे ते तरी ठरते.

आता दोष. पहिला आणि सर्वांत महागात पडणारा म्हणजे अर्थयादी. ‘नेफेश’च्या पानावर जीव, स्वतः, प्राणी, व्यक्ती, भूक, मन, इच्छा, भावना अशी यादी मिळते. वाचक ती पंगतीतल्या पानासारखी वापरतो: वाढले आहे ते सगळे एकाच घासात. मग २:७ च्या ‘नेफेश’मध्ये भावनाही आल्या, बुद्धीही आली, इच्छाशक्तीही आली आणि प्रवचन तयार झाले. एका ठिकाणी शब्दाचा एकच अर्थ चालतो. यादी त्याच्या सगळ्या ठिकाणांची असते. बायबलच्या भाषांचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्ये या चुकीवर बोट ठेवले होते, आणि तेव्हा क्रमांक दाबून याद्या उघडायची सोयही नव्हती. सेवेने यादीच्या वर एक ओळ इशारा म्हणून टाकली असती तर किती बरे झाले असते.

याच जातीची दुसरी चूक ‘फासळी’त होते. उत्पत्ती २:२१-२२ मधला ‘त्सेला’, क्रमांक ६७६३, ४१ वेळा येतो. बाजू १९, खोली ११, बाकी फळ्या, तुळया, कोपरे. फासळी फक्त या दोन वचनांत. एवढे पाहून ‘फासळी हे भाषांतर चूक, हव्वा आदामाच्या अर्ध्या भागातून झाली’ असे कोणी ठासून सांगतो. पण वचन ‘त्याच्या त्सेलांपैकी एक’ म्हणते आणि पुढे मांसाने ती जागा बुजवल्याचे सांगते. मोजणी शंका घ्यायला पुरते, निकाल द्यायला नाही.

तिसरा दोष अधिक खोल आहे आणि थेट मानवी उत्पत्तीच्या वादात शिरतो. स्ट्राँगने ‘आदाम’ला दोन क्रमांक दिले: १२० म्हणजे माणूस, १२१ म्हणजे आदाम हे विशेषनाम (त्यातच एका गावाचेही नाव). किंग जेम्समध्ये १२१ खाली ‘ॲडम’ ९ वेळा आहे, पण १२० खालीही ‘ॲडम’ १३ वेळा आहे. म्हणजे माणूस कुठे संपतो आणि आदाम नावाचा गृहस्थ कुठे सुरू होतो, याचा निर्णय एकोणिसाव्या शतकातल्या संपादकाने आपल्यासाठी घेऊन टाकला. एकच मूळ जोडपे होते की नाही या प्रश्नाला हात घालणाऱ्याने या क्रमांकांवर विसंबू नये.

त्याऐवजी तक्त्याच्या वरची हिब्रू ओळ पाहावी. शब्दाच्या उजव्या टोकाला ‘हे’ हे अक्षर जोडलेले असेल तर ते उपपद आहे: ‘हा-आदाम’, म्हणजे ‘तो माणूस’. उत्पत्ती २ आणि ३ मध्ये बहुतेक ठिकाणी ते आहे. खालच्या तक्त्यात फक्त मूळ शब्द असल्याने ते गळून पडते. ४:२५ ला उपपद नाही, तिथे नाव आहे. २:२०, ३:१७ आणि ३:२१ ही तीन ठिकाणे चकवा देणारी आहेत: तिथे आधी शब्दयोगी जोड आहे आणि उपपद आहे की नाही हे फक्त स्वरचिन्हांवरून ठरते. ती चिन्हे मसोरा या ज्यू परंपरेच्या विद्वानांनी कित्येक शतकांनंतर घातली. ५:२ ला तर देव स्त्री-पुरुष दोघांचे मिळून नाव ‘आदाम’ ठेवतो.

चौथा दोष: शब्द सुटे दाखवणारा तक्ता वाक्प्रचार दाखवू शकत नाही. रोमकरांस ५:१२ हे आदामाच्या पापाचे मुख्य वचन. शेवटी ‘एफ् हो’ असे दोन छोटे ग्रीक शब्द आहेत. तक्त्यात एकाला १९०९, दुसऱ्याला ३७३९ क्रमांक. पहिल्यावर दाबा: ‘वर’. दुसऱ्यावर दाबा: ‘जो’. दोन्ही मिळून ‘कारण’ हा अर्थ होतो, हे कुठल्याच क्रमांकाच्या पानावर धड सापडत नाही. लॅटिनमध्ये याचे ‘इन क्वो’ झाले, ‘ज्याच्यामध्ये’, आणि ऑगस्टीनने ‘आदामामध्ये सर्वांनी पाप केले’ असे वाचले. पश्चिमेकडच्या मूळ पापाच्या शिकवणीला या वाचनाने मोठा टेकू दिला. तक्ता उघडून बसलेल्याला हे कळायचे तर बाहेरचे भाष्यच हवे.

एक जमेची बाजूही इथेच नोंदवायला हवी. नव्या करारात दोन ग्रीक पाठ निवडता येतात, जुना ‘टेक्स्टस रिसेप्टस’ आणि आधुनिक चिकित्सक पाठाशी जुळणारा. प्रेषितांची कृत्ये १७:२६ दोन्हींत पाहा. जुन्या पाठात देवाने सगळी राष्ट्रे ‘एका रक्तापासून’ केली. आधुनिक पाठात ‘रक्त’ हा शब्दच नाही, नुसते ‘एकापासून’. वंशभेदाविरुद्ध आणि एकाच मूळ पुरुषाच्या बाजूने हे वचन नेहमी पुढे येते, म्हणून कोणता पाठ समोर आहे ते सांगणे बरे.

शब्दकोश जुने आहेत. हिब्रूसाठी गेसेनियस, ग्रीकसाठी १८८९ चा थेयर. फुकट देता येतात म्हणून ते आहेत, आणि प्राथमिक कामाला पुरतात. पण ‘नेफेश’ म्हणजे घसा या अर्थावर नंतर शेजारच्या सेमिटिक भाषांतून आलेला प्रकाश त्यांत सापडायचा नाही.

कॅथलिक वाचकासाठी सर्वांत मोठी उणीव वेगळीच: इथे पुस्तके ६६ आहेत. कॅथलिक बायबलमधली ज्ञानग्रंथ, मक्काबी ही पुस्तके नाहीत. आत्म्याच्या अमरत्वाची सर्वांत उघड वाक्ये नेमकी तिथे आहेत. ज्ञानग्रंथ ३:१ मध्ये नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातात आहेत. ९:१५ मध्ये नाशवंत शरीर आत्म्याला जड होते, आणि हे तर ग्रीक तत्त्वज्ञानाच्या अगदी कुशीतले वाक्य. शून्यातून निर्मितीचे सर्वांत स्पष्ट वचनही २ मक्काबी ७:२८ आहे. ‘बारा’वर उगाच ओझे का पडते, त्याचे एक कारण इथे दडले आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक अभ्यासगटाने फक्त ही सेवा वापरली तर आपल्याच परंपरेचा अर्धा पुरावा त्यांना दिसणार नाही. भाष्येही बहुतांशी प्रॉटेस्टंट, इव्हँजेलिकल घराण्यातली: मॅथ्यू हेन्री, डेव्हिड गुझिक वगैरे. चांगली आहेत, पण एका घरची आहेत.

आणि मुळात, शब्दाचा अर्थ म्हणजे सिद्धांत नव्हे, हे या सेवेला ठाऊक नसते. प्रत्येक मुलाचा आत्मा देव स्वतंत्र निर्माण करतो की तो आईबापांकडून शरीराबरोबरच येतो? आरंभीच्या चर्चमधला लेखक तेर्तुल्यन दुसऱ्या बाजूचा होता, लुथरन परंपरेचा कलही तिकडेच. कॅथलिक शिकवण पहिल्या बाजूची. ओरिजेन या दुसऱ्या आरंभीच्या लेखकाशी जोडला गेलेला तिसरा पर्याय, की आत्मे आधीच अस्तित्वात होते, सहाव्या शतकात धिक्कारला गेला. पुनर्जन्माच्या देशात हा प्रश्न अभ्यासगटात हमखास विचारला जातो, आणि ७५३ वचने चाळून त्याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी कॅथलिक धर्मशिक्षणाचे पुस्तक हाताशी हवे, व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर ते मोफत आहे. परिच्छेद ३६२ ते ३६८ एका बैठकीत वाचून होतात. ३६५ मध्ये आत्मा हे शरीराचे ‘रूप’ आहे ही १३१२ च्या व्हिएन धर्मसभेची शिकवण, ३६६ मध्ये प्रत्येक आत्मा थेट देवाकडून, आणि ३६७ मध्ये जीव व आत्मा या भेदाने माणसाचे दोन तुकडे होत नाहीत हा खुलासा. उत्क्रांतीबाबत १९५० चे पायस बारावे यांचे परिपत्रक पाहावे: परिच्छेद ३६ मध्ये शरीराच्या उगमाचा शोध घ्यायला मोकळीक, ३७ मध्ये अनेक मूळ पूर्वजांच्या कल्पनेला नकार. प्रॉटेस्टंट बाजूला वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब या श्रद्धेच्या जाहीरनाम्याचा ३२ वा अध्याय म्हणतो की आत्मे मरत नाहीत आणि झोपतही नाहीत. याच्या नेमके विरुद्ध ॲडव्हेंटिस्ट मंडळी, पुण्यात त्यांच्या स्पायसर या शिक्षणसंस्थेमुळे परिचयाची: माणूस अविभाज्य आहे आणि मृत्यू म्हणजे पुनरुत्थानापर्यंतची शुद्धीविना अवस्था. गंमत अशी की दोन्ही बाजू हीच ‘नेफेश’ची मोजणी पुढे करतात.

एकंदरीत शब्द तपासायला पाचपैकी साडेचार, सिद्धांत तपासायला दीड. मोबाइलपेक्षा संगणकावर वापरा. चार स्तंभांचा तक्ता लहान पडद्यावर दाटतो. इंग्रजी कच्चे असलेल्या गटात एकाने पडदा हाताळावा आणि बाकीच्यांनी मराठी वाचावे.

दीड तासाच्या बैठकीसाठी क्रम असा ठेवावा. उत्पत्ती १:२१, १:२४ आणि २:७ एकत्र, वीस मिनिटे. १:२६-२७ आणि ‘त्सेलेम’ची यादी, वीस. मत्तय १०:२८, १६:२५-२६ आणि १ थेस्सलनीकाकरांस ५:२३, पंचवीस. त्यापुढची पंधरा मिनिटे १ करिंथकरांस १५:४४-४५ ला द्यावीत, जिथे पौल २:७ उचलून ‘प्स्यूखे’चे शरीर आणि ‘प्न्यूमा’चे शरीर असा भेद करतो, आणि दोन्हीकडे शरीर आहेच हे पाहून घ्यावे. शेवटची दहा मिनिटे गणना ६:६ आणि उत्पत्ती ३५:१८ यांसाठी राखावीत. पहिल्यात प्रेत म्हणजेच ‘नेफेश’. दुसऱ्यात राहेल मरते तेव्हा तिचा ‘नेफेश’ निघून जातो. दोन्ही वचने एकाच क्रमांकाच्या पानावर सापडतील.